सुपाआडचा एक

त्या दिवशी मळभ होतं. तुळशीचं लग्न होऊन चार दिवस झाले होते. खरं तर थंडीची चाहूल लागायला हवी होती, पण वारा अगदीच पडलेला. घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीवरच्या चाळीत, दोऱ्यांवरचे कपडे सकाळपासून हलले नव्हते. समुद्रात कुठंतरी वादळ फिरतंय असं रेडिओवर सांगत होते. दुपारचे तीन वाजले होते आणि खोलीत दिवा लावायला लागला होता.

मी फासा बोलतोय. सारीपाटाचा नाही हो, तो लांबुडका असतो, त्याला चार अंगं. मला वीस आहेत. त्या दुपारी मी एका सुपाआड घरंगळलो आणि थांबलो, तेव्हा माझ्या माथ्यावर एकाचा आकडा होता. गुणाजीने मला पाहिलं. मग सुपावरून समोर बसलेल्या बाईकडे पाहिलं. आणि म्हणाला, "सतरा."

घडलं ते एवढंच. पण त्या एका शब्दाने एक घर अडून राहिलं. ते कसं, ते सावकाश सांगतो. मला शाळा नाही. अंगावरचे आकडे तेवढे येतात, तेसुद्धा सवयीने. तेव्हा मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म परमुलखातला. कुठला गाव, ते मला माहीत नाही. गरम रस साच्यात ओतला, गार झाला, आणि मी बाहेर आलो. आम्ही सहा भावंडं, प्रत्येकाची अंगं वेगळी. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आम्हांला घातलं आणि सोबत एक इंग्रजी पुस्तक ठेवलं. आकडे तेव्हा नुसत्या खाचा होत्या. त्या रंगवायला मेणाची एक कांडी असायची.

जयवंतने मला कुठल्याशा बंदरावर घेतलं. तो मालवाहू जहाजावर भटारखान्यात कामाला होता. जहाजावरच्या एका इंजिनियरने त्याला हा खेळ शिकवला होता. या खेळात पट नसतो, सोंगट्या नसल्या तरी चालतं. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. 'मी दार उघडतो,' असं कुणी म्हणालं, की दार उघडेल का, ते मी सांगायचं. आकडा मोठा पडला तर उघडलं. लहान पडला तर नाही.

सुट्टीवर आला तेव्हा जयवंतच्या ट्रंकेत मी होतो. मेणाची कांडी हरवली होती. समोरच्या खोलीत गुणाजी राहायचा, गिरणीतला विणकर, संपानंतर गिरणी सुटलेला. जयवंतने त्याच्या चंचीतला चुना बोटावर घेतला आणि माझ्या खाचांमध्ये भरला. वीसही अंगं, एक एक करून, जीभ दातांत धरून. त्याच्या अंगठ्याचा दाब मला अजून आठवतो.

"तात्या, गोष्ट तुम्ही चालवायची," तो गुणाजीला म्हणाला. "तुम्ही मास्तर."

"मी? अरे, मी शाळेचं तोंड नाही पाहिलं. मास्तर कसला मी."

"इंग्रजीत तसंच म्हणतात. पुस्तक दशरथ वाचेल, गोष्ट तुम्ही सांगा."

असा तो खेळ बसला. दर रविवारी, जेवणं झाली की जयवंतच्या खोलीत. संध्याकाळी टीव्हीवर पिक्चर लागायच्या आत संपवायचा, ही जयवंतच्या आईची अट. खेळणारे तिघं. जयवंत, त्याची बहीण सुलक्षणा, आणि शेजारचा दशरथ. सुलक्षणा विक्रोळीला एका कारखान्यात पॅकिंगला होती. दशरथ टपालखात्यात पत्रं लावायचा. पत्ता चुकलेलं पाकीट त्याच्या हातून कधी पुढं जायचं नाही. खेळात सुलक्षणा तिरंदाज झाली, दशरथ पाथरवट झाला, घण घेतलेला. जयवंत तांडेल झाला. एवढा बोटीवर राबून घरी आलेला माणूस, पण खेळातसुद्धा त्याला बोटच हवी. तांडेल म्हणून एक चिंचोका ठेवला होता.

गुणाजीची गोष्ट कोकणातली. किल्ल्याखालचं भुयार, भुयाराची राखण करणारा देवचार, पाण्याच्या टाक्यात काहीतरी हलतंय. काय हलतंय ते तो तीन तीन रविवार सांगायचा नाही. त्याचं घराणं गावात गुरवाचं. देवाला कौल लावायचं काम त्याच्या बापाकडे होतं. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. त्या सवयीने मोठा प्रसंग आला की गुणाजी मला मुठीत धरायचा आणि सूर लावायचा, "बा देवा म्हाराजा, आज जो काय खेळ मांडलेलो आसा, तेच्यात कोणाची वाकडी नजर असात तर ती दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जयवंत ओरडायचा. त्याला फार हसू यायचं. मग सगळेच म्हणायला लागले. कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली त्याची आई मालन, तीसुद्धा म्हणायची. ती मात्र हसायची नाही.

सूप तिचंच. मास्तरने फासा आडोशाला टाकावा असं पुस्तकात होतं, म्हणून गुणाजीने एके दिवशी तिच्या हातातलं सूप मागून घेतलं आणि समोर उभं केलं. तिथूनच दशरथचं आणि त्याचं वाजायला लागलं.

"सूप कशाला? उघड्यावर टाका ना. काय पडतं ते सगळ्यांना दिसू दे."

"पुस्तकात आडोसा लिहिलाय, तूच वाचलंस ना."

"लिहिलंय. पण मला पटत नाही."

"बघा, पुस्तकवाल्यालाच पुस्तक पटत नाही," सुलक्षणा म्हणाली.

एकदा पाथरवट दोरावरून चढत होता. मी सुपाबाहेर घरंगळलो आणि तीनवर पडलो. गुणाजीला माणूस मरू द्यायचा नव्हता. तो म्हणाला, "दोर तुटला, पण तिरंदाजाने हात धरला."

"कुठं धरला? तीन पडलाय. तीन म्हणजे मी पडलो," दशरथ म्हणाला.

"अरे, वाचवतोय तर वाच ना गप."

"नको. आज मला वाचवाल, उद्या दुसऱ्याला नाही वाचवणार. कशावरून? तुमच्या मनावरून?" त्याने पाथरवटाचं बळ लिहिलेला कागद चार तुकडे करून फाडला आणि नवीन कागद घेतला. "आमच्या आज्याच्या गावात नियम पाटलाच्या तोंडात असायचा, तात्या. पाटील खुशीत असला तर आम्हांला पाणी, नसला तर नाही. म्हणून मला छापलेला नियम आवडतो. तो माझं आडनाव विचारत नाही."

गुणाजीने चंची सोडून तंबाखू मळली. मग म्हणाला, "खरं आहे तुझं. पण मागावर पस्तीस वर्षं काढली मी. माग नियमानेच चालतो. धागा तुटला की मात्र नियम कामाला येत नाही रे. बोट लागतं."

दोघंही खरं बोलत होते. मी फासा, मला कुणाची बाजू नाही. पण दोघांच्या हातात मी फिरलोय. दशरथचा हात कोरडा, गुणाजीचा ओलसर. दोन्ही हातांना मी जपून ठेवावासा वाटायचो, हे मला कळायचं.

शेवटी तडजोड झाली. ज्याचं त्याने टाकायचं ते उघड्यावर. मास्तरने टाकायचं ते सुपाआड.

चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये जयवंत परत जहाजावर गेला. मला आणि खोक्याला घरीच ठेवून गेला. "तांडेलला भुयारात बसवून ठेवा. आल्यावर बघतो," म्हणाला.

पुढच्या मार्चमध्ये पत्र आलं. इंग्रजी होतं, ते दशरथनेच वाचलं. खवळलेल्या समुद्रात जयवंत डेकवर कचरा टाकायला गेला आणि लाटेने त्याला नेलं. दोघांनी पाहिलं. जहाजाने दीड दिवस शोधलं. सापडला नाही.

दशरथने ते तसंच्या तसं वाचलं, एक शब्द न बदलता. मालन ऐकत होती. मग तिने विचारलं, "सापडलो नाय म्हणजे बुडलो असा लिवलाय?"

"नाही काकू. सापडला नाही, एवढंच लिहिलंय."

"मगे बरा," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

भटजींनी सांगितलं, पाहणारे दोघं आहेत, तेव्हा संशय नाही. दर्भाचा देह करून संस्कार करता येतो. मालनने ऐकून घेतलं आणि तो विषय काढायचा नाही असं सगळ्यांना सांगितलं.

आठ महिने मी खोक्यात होतो. मग एका रविवारी तिनेच खोकं काढलं, पुसलं, आणि दार उघडून समोरच्या खोलीकडे हाक मारली. "भावजी, येवा. तांडेल भुयारात रवलोहा. त्येका असोच ठेवतात काय?"

नाही म्हणायचं कुणाला सुचलं नाही. सुलक्षणा बसली, दशरथ बसला. जयवंतच्या जागी त्याच्या आईने पाट मांडला आणि पाटावर चिंचोका ठेवला. तांडेलच्या वाटचं मास्तरने बोलावं असं ठरलं. पुस्तकातही तसंच होतं, ज्याचा खेळणारा नाही त्याचं मास्तर बोलतो.

पहिल्या दिवशी गुणाजी चाचरत बोलला. "तांडेल म्हणतो, मी मागं थांबतो." दुसऱ्या रविवारी 'तांडेल म्हणतो' गळालं. तिसऱ्या रविवारी त्याच्या तोंडून जयवंतसारखं शेवटचं अक्षर ओढलेलं बोलणं आलं, आणि सुलक्षणाच्या हातातली पेन्सिल थांबली.

मालनने तांदूळ बाजूला सारले. "काय रे झिला, जेवलंस?"

गुणाजीने तिच्याकडे पाहिलं. खेळातल्या तांडेलला कुणी असं विचारत नाही. पण तिचं तोंड बघून त्याला गप्प राहवलं नाही. "जेवलंय गे आये," तो म्हणाला.

त्या रात्री ती पहिल्यांदा पोटभर जेवली, असं सुलक्षणा म्हणाली. मग काय. दर रविवारी ती विचारायची आणि गुणाजी उत्तर द्यायचा. खेळ पुढं सरकेना. भुयारात तांडेलला जिथं धोका तिथं गुणाजी त्याला न्यायचाच नाही. दारं राखायला ठेवायचा. वर्ष उलटलं, तांडेलच्या वाट्याला मी एकदाही पडलो नाही. दशरथला ते दिसत होतं. पण पाथरवटाच्या वेळी भांडलेला हा माणूस आता नियमाचं नाव काढत नव्हता.

अडलं ते सुलक्षणाचं. बोरिवलीचा राजाराम म्हणून एक मुलगा होता, छापखान्यात कंपोझिटर. जयवंत असतानाच जमलेलं. तो दोन वर्षं थांबला. मालनचं एकच, "भाऊ दर्यावर असताना भयणीचा लगीन लावू? तो इल्यावर काय सांगू त्येका?" राजारामच्या आईने निरोप धाडला, तुळशीच्या लग्नानंतर काय ते एकदा सांगा. नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

सुलक्षणा गुणाजीच्या खोलीत आली. मी तेव्हा त्याच्या चंचीत होतो. मला परत खोक्यात ठेवणं त्याने कधीच सोडलं होतं.

"तात्या, तुम्ही मास्तर ना. तांडेलला जाऊ द्या."

"जाऊ द्या म्हणजे?"

"म्हणजे तेच. मी बोलले तर आई ऐकत नाही, भटजींचं ऐकत नाही. त्याचं ऐकते. त्याचं म्हणजे तुमचं. तुमच्या एका वाक्याचं काम आहे."

"मी मारू त्याला? माझ्या तोंडाने?"

"तुमच्याच तोंडाने जगतोय ना तो."

गुणाजीने चंची चाचपली. मग म्हणाला, "माझ्याने नाही होणार गं पोरी. फासा टाकू. फासा सांगेल तसं." जन्मभर बोटावर विश्वास ठेवलेला माणूस त्या दिवशी नियमाच्या मागे जाऊन उभा राहिला.

तेव्हा ती मळभाची दुपार. गुणाजीने तांडेलला भुयारातल्या लाकडी पुलावर आणलं. पूल कुजलेला. अकरा किंवा वर पडला तर पार, खाली पडला तर गेला. मालनला त्याने समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कौल. उजवो की डावो."

"वैनी, खेळ आहे हा."

"गाऱ्हाणा घालतास मां? मगे कौलच."

दशरथ म्हणाला, "तात्या, सूप आज बाजूला ठेवा."

"नको," मालन म्हणाली. "कौल गाभाऱ्यात लागता. भायर गुरव सांगता. माझो इश्वास आसा त्यांच्यावर."

गुणाजीने मला मुठीत धरलं. गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा," मालन एकटीच म्हणाली.

माझ्या हातात काही नसतं, हे तुम्हांला सांगायला हवं. माझे कोपरे झिजलेत, म्हणून मी जरा जास्त लोळतो, एवढंच. त्या दिवशी मी सुपाच्या काठाला लागलो, परत फिरलो, आणि एकावर थांबलो. एक वर आला की वीस खाली दबलेला असतो. पण जमिनीकडची बाजू कोण मोजतो?

"सतरा," गुणाजी म्हणाला, आणि मला उचलून घेतलं.

मालनने पदर डोळ्यांना लावला आणि देवापुढे साखर ठेवली. सुलक्षणा उठून गॅलरीत गेली. बोरिवलीला निरोप गेला, जयवंत येतोय, थांबा. राजारामच्या आईने संक्रांतीपर्यंतची मुदत दिली, तीसुद्धा मुलाने हट्ट धरला म्हणून.

त्यानंतर गुणाजीला चैन नव्हतं. सकाळी एकटा असून चहाचे दोन कप भरायचा, दार लोटून घ्यायचा आणि मला जमिनीवर टाकत बसायचा. सतरा पडायची वाट बघायचा. सतरा पडला तरी त्याचं समाधान व्हायचं नाही. मी आधी एक पडलो होतो, त्याला तो तरी काय करणार?

आणि मालनने रविवारची वाट बघणं सोडलं. दुपारी केव्हाही यायची, उंबऱ्यात बसायची. "बोलवा त्येका, भावजी." गुणाजी बोलवायचा. एकदा तिने विचारलं, "काय करतंस रे?" आणि गुणाजीच्या तोंडून आलं, "बटाटे सोलतंय, आये. पाणी फार थंड आसा हयसर."

हे त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. मी त्याच्या मुठीत होतो, मला कळलं. मूठ गार पडली, आणि माझ्या अंगावर जिथं जयवंतने चुना भरताना अंगठा दाबला होता, तिथं तसाच दाब आला. मालन निघून गेल्यावर गुणाजी भिंतीला टेकून बसला आणि पुटपुटला, "मीच अडकवून ठेवलाय रे तुला."

मार्गशीर्षात एका सकाळी दशरथ आला. काखेत ते इंग्रजी पुस्तक.

"तात्या, त्या दिवशी डावा पडला होता ना?"

गुणाजीने नाही म्हटलं नाही. "कसं कळलं तुला?"

"सतरा पडला असता तर तुम्ही सूप उचलून फासा दाखवला असता."

गुणाजीने मान हलवली. दशरथ बसला, पुस्तक उघडलं. "मी तुम्हांला भांडायला नाही आलो. एक पान आहे ह्यात. दोन वर्षांत मी तुम्हांला हे वाचून दाखवलं नाही. मुद्दाम. ह्यात लिहिलंय, शेवटचा शब्द मास्तरचा. फासा पटला नाही तर मास्तरने बदलावा, त्याला तसा हक्क आहे. तुम्हांला वाचता येत नाही ह्याचा मी फायदा घेतला. पाटील करायचा त्यापेक्षा काही वेगळं नाही केलं मी."

बाहेर कुणीतरी मिरच्या कुटत होतं.

"म्हणजे माझं चुकलं नाही, असं पुस्तक म्हणतं?" गुणाजीने विचारलं.

"पुस्तक तसंच म्हणतं."

"खेळात हक्क असेल रे मला. त्या बाईने खेळ नव्हता मांडला. तिने कौल मागितला. माझा बाप म्हणायचा, गोष्ट सांगणाऱ्याने हवं ते सांगावं, कौल सांगणाऱ्याने पडलं तेच सांगावं. दोन्ही कामं एका तोंडाने करायला गेलो मी, तिथं वाट लागली."

"येऊ का मी बरोबर?"

"नको. तुझं पत्र तू वाचलंस. माझं मला वाचू दे."

मालन तांदूळ निवडत होती. सूप तिच्या मांडीवर. गुणाजी समोर बसला आणि मला फरशीवर ठेवलं, टाकलं नाही. एक वर करून ठेवलं. चाळीत नेहमी तो नीट मराठीत बोलायचा. त्या दिवशी गावची बोली आली.

"वैनी, त्या दिवशी हो पडललो."

तिने वाकून पाहिलं. "एक."

"व्हय."

"आणि तुमी सतरा सांगितलात." तिची बोटं तांदळात थांबली. "मगे बोलायचो तो कोण?"

"मी."

"जेवलंय म्हणायचो, तो?"

"मीच."

"बटाटे सोलतंय म्हणालो, तो?"

"माझ्याच तोंडातसून इला. खंयसून इला, ता माका ठावक नाय."

ती रडली नाही. रागावली असेल तर ते तिने सुपातल्या खड्यांवर काढलं. एक एक वेचून बाजूला ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्येका एकदा बोलवा."

"वैनी, आता खेळ नाय."

"खेळ नको. फासो पण नको. बोलवा."

मला त्याने उचललं नाही. तो रिकाम्या हाताने बसला होता. डोळे मिटले, आणि हाक आली. "आये."

"खंय चाललंस?"

"येतंय गे."

आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. स्मशानाच्या वाटेला लागलेला सोडून सगळे 'येतो'च म्हणतात. जयवंतही जहाजावर निघताना दोन्ही वेळा दारात तेच म्हणाला होता.

"येतंय नको म्हणू, बाबा," मालन म्हणाली. "त्या एका शब्दावर मी अडीच वर्षां बसलंय. जातंय म्हण."

सुलक्षणा दारात येऊन उभी होती, कामावर निघालेली, डबा हातात.

"जातंय, आये."

"जा," मालन म्हणाली. मग ती सूप घेऊन उठली आणि तांदूळ धुवायला ठेवले.

पौष लागायच्या आत दर्भाचा जयवंत केला. गुणाजी आणि दशरथ दोघंही गेले होते. सुलक्षणाचं लग्न वैशाखात झालं, बोरिवलीच्या एका शाळेच्या सभागृहात. ती अजून महिन्यातून एखाद्या रविवारी येते, राजारामला घेऊन. तो खेळात नवशिका आहे, फार घाबरून फासा टाकतो. सूप आता नुसतं तांदळालाच असतं.

त्यांनी आपसांत एक ठरवलंय. ते कुठल्या पानावर नाही. मला उचलायच्या आधी मास्तर विचारतो, "टाकायचा का? काय पडेल ते घ्याल?" सगळे हो म्हणाले तरच टाकतो. नाहीतर मी चंचीत राहतो आणि गोष्ट आपली आपण पुढं जाते.

माझं तुमच्याकडे मागणं तेवढंच. जे ऐकायची तयारी नाही, ते फाशाला विचारू नका. मी खोटं बोलू शकत नाही, आणि खरं बोललो तरी मला ते परत घेता येत नाही. माझ्यापेक्षा माणसाचं तोंड बरं. त्याला निदान कबूल करता येतं.

माझ्या खाचांतला चुना आता बहुतेक गेला. आकडे उन्हात धरल्याशिवाय दिसत नाहीत. जयवंतचा अंगठाही आता अंगावर जाणवत नाही. मी मुद्दाम वाट बघून पाहिली.

परवा सकाळी गुणाजी सार्वजनिक मोरीवर भांडी घासत होता. मी त्याच्या कमरेला, चंचीत. शेजारच्या खोलीत कुंदा म्हणून एक बाई राहते. त्या मळभाच्या दुपारीच ती मुलुंडहून इथं राहायला आली. तिला आमच्या खेळाचं काही माहीत नाही, जयवंतचं नावही माहीत नाही. तिने आपली बादली नळाखाली सरकवली आणि म्हणाली, "तात्या, तुमचा तो पाहुणा गेला वाटतं. हल्ली एकच कप विसळताय."